मोडिगचे जोडे

“दार लाव,” मॅट्स निगॉर्ड म्हणाला. “एखादी गोळी आत आली तर लोण्याला लागेल.”

मी दार लावलं. लोण्यासाठी नाही, माझ्यासाठी. पण मॅट्सला वाटलं त्याच्या शब्दाला मान दिला, आणि मोठ्या शेतकऱ्याला तसं वाटू देणं स्वस्तात पडतं.

तळघर माझं होतं. म्हणजे मी ज्या खोपट्यात राहत होते, त्याचं होतं. टेकडीच्या उतारात खणलेलं, दगडांनी बांधलेलं, वर मातीचा आणि गवताचा जाड थर, आणि वाकून आत शिरावं लागेल एवढं ठेंगणं दार. आत माझं ताक, घरची बिअर, बिअर गाळायचं मोठं लाकडी घंगाळ आणि मागच्या भिंतीशी खारवलेल्या माशांचं पिंप. त्या पहाटे तिथे मॅट्सच्या लोण्याचे दोन लाकडी डबे आले होते. आमची आणि रशियाची फौज ओरावाइस गावाजवळ आली तसं त्याने डोकं चालवलं होतं. लुटारू श्रीमंताच्या तळघरात शिरतात. शिपायाच्या बायकोच्या तळघरात कोण कशाला वाकेल? म्हणून त्याने उजाडायच्या आत डबे आणले, आणि ढकलायला म्हातारी लोविसा आणली. डबे जागेवर लागतात न लागतात तोच पलीकडच्या टेकाडावर बंदुका सुरू झाल्या. आता घरी जायचं म्हणजे दोन फौजांच्या मधून जायचं. तेव्हा आम्ही तिघं बसलो: लोण्यावर मॅट्स, बिअरच्या पिपावर मी आणि कोपऱ्यात जमिनीवर लोविसा.

लोविसा आणि मी एका तळघरात बसू असं गावात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. का ते सांगते.

आम्ही तेव्हा स्वीडनच्या राजाची प्रजा. राजाला शिपाई हवेत, शेतकऱ्याला आपली पोरं द्यायची नाहीत. म्हणून चार शेतं मिळून एक माणूस पोसायची. त्याला एक खोपटं, एका गाईचं गवत, पेरायला एक तुकडा, अंगात कोट आणि पायात जोडे. त्या बदल्यात त्याने चार घरच्या पोरांऐवजी लढायचं. नावसुद्धा खोपट्याबरोबर मिळायचं. आमच्या खोपट्याचं नाव मोडिग, म्हणजे धीट. तिथे जो राहील तो मोडिग, मग तो उंदराला का भीत असेना. माझा नवरा हेन्रिक, हेन्रिक मोडिग. शिपाई मेला की चार शेतकरी दुसरा माणूस शोधणार, आणि त्या नव्या मोडिगला घर लागणार. म्हणून मेलेल्याच्या बायकोने बोचकं बांधायचं.

मागच्या लढाईत जो मोडिग मेला, त्याची बायको लोविसा. मी नवी नवरी होऊन दारात उभी राहिले तेव्हा ती बोचकं घेऊन निघाली होती. जाता जाता तिने चुलीतले निखारे एका मडक्यात भरून घेतले आणि मला गार चूल देऊन गेली. अठरा वर्षं मी ती चूल विसरले नव्हते. मॅट्सने तिला आपल्या आवारातल्या न्हाणीत ठेवलं. ही न्हाणी म्हणजे लाकडी खोली, तापलेल्या दगडांवर पाणी मारून अंगाला वाफ घ्यायची. त्यात एक बाक. त्या बाकावर ती झोपायची, आणि दर शनिवारी निगॉर्डची मंडळी अंघोळीला आली की अंथरूण गुंडाळून बाहेर बसायची, हिवाळ्यातसुद्धा. मॅट्स याला दानधर्म म्हणायचा.

गावात तिला थोरली मोडिगीण म्हणत आणि मला धाकटी.

“आवाज पुढे सरकतोय,” मॅट्स म्हणाला. तो दाराच्या फटीला कान लावून होता. “आमचे मागे हटतायत.”

“आमचे म्हणजे माझा,” मी म्हटलं. “तुमचे तर घरात झोपलेत.”

त्याने घसा साफ केला. मॅट्स घसा साफ करायचा तेव्हा समोरच्याला काहीतरी द्यावं लागायचं, हे आख्ख्या गावाला माहीत होतं.

“समजा,” तो म्हणाला, “फक्त समजा हं, कायसा. देव करो आणि तसं न होवो. पण समजा आज हेन्रिकचं काही बरंवाईट झालं.”

“समजलं. पुढे?”

“तर मला नवा माणूस द्यावा लागेल. चार शेतांच्या वतीने जबाबदारी माझी. माझा गडी याकोब आहे. अंगाने धड आहे. त्याला बायको नाही. आणि तुला या तळघराची, गाईची सवय झालेली. कशाला उगाच दोघांची ओढाताण?”

बाहेर माणसं मरत होती, आणि हा माझ्याच तळघरात माझं दुसरं लग्न ठरवत होता. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, आला नाही. तो निर्दयपणे बोलत नव्हता. तो माझ्यासाठी दार उघडून धरत होता, आणि जगात माझ्यासाठी दुसरं दार नव्हतं. पोरंबाळं नव्हती, माहेर उरलं नव्हतं. हेन्रिक जगला तर खोपटं. मेला तर याकोब, नाहीतर न्हाणी.

कोपऱ्यातून लोविसाचं हसू आलं. “याकोबचे दात पाहिलेस का, पोरी?”

“नाही, मावशी.”

“बघायला आहेत कुठे!”

“तुला कुणी विचारलं?” मॅट्स तिच्यावर खेकसला.

“मला अठरा वर्षं कुणी काही विचारलं नाही, मालक. म्हणून तर एवढं साठलंय.”

एवढ्यात डोक्यावर पावलं धडधडली. आमच्या छतावरून माणसं धावत होती, आणि मातीची ढेकळं ताकात पडत होती. ओरडण्याची भाषा आमची नव्हती. मॅट्स लोण्यावर आडवा झाला. लोविसाने ओढणी तोंडावर घेतली. पावलं गेली. बराच वेळ फक्त तोफा. मग पुन्हा पावलं, पण उलट्या दिशेने, आणि त्यांच्या मागोमाग आमच्या बोलीतली शिवी. इतकी गोड शिवी मी पुन्हा कधी ऐकली नाही.

दारावर बंदुकीचा दस्ता आपटला. “कायसा! उघड! पळाले! रशियन पळाले!”

मी आगळ काढली. हेन्रिक वाकून आत आला. तोंड काडतुसाच्या दारूने काळं, डोळे चकाकत होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मागे दारात शेजारच्या खोपट्याचा शिपाई, फ्रिस्क. दोघं ओढ्यापलीकडच्या दलदलीतून रशियनांच्या मागे धावत आले होते. मी हेन्रिकच्या छातीला, दंडाला, पोटाला हात लावून पाहिलं. सगळं जागेवर होतं.

“बिअर दे,” तो म्हणाला. “आणि याला पण. आम्ही त्यांना हाकलत नेतोय, मेंढरांसारखे! संध्याकाळच्या जेवणाला घरी येतो, बघ तू.”

फ्रिस्क उभ्या उभ्या प्यायला. तो कमी बोलणारा माणूस. मडकं मला परत देताना म्हणाला, “माझी दिसली तर सांग, ठीक आहे म्हणून.”

“तूच सांग की संध्याकाळी.”

“ते तर झालंच.” तो हसला.

हेन्रिक पाऊल टाकायला वळला आणि लंगडला. एवढंसंच. पण लोविसाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“टाच गेलीय,” ती म्हणाली. “बस खाली. जोडे काढ.”

“आता कुठे वेळ आहे, म्हातारे!”

“जोड्यात ओढा घेऊन कुठवर धावशील? पाणी ओतते, कोरडी फडकी बांधते, मग जा. माझा माणूस ओल्या जोड्यांनी उंबऱ्याबाहेर कधी पडला नाही. तेल लावून, चुलीशी गरम करून देत होते मी.”

हे कुठल्याही शिपायाला पटण्यासारखं होतं. पायाला फोड आलेला शिपाई मागे पडतो, आणि मागे पडलेल्याला कॉर्पोरल झोडपतो. हेन्रिक बसला. फ्रिस्क दारात चुळबुळत होता. बाहेर नगारा वाजत होता, पुढे चला म्हणून.

“मी निघतो,” तो म्हणाला. “मागून ये. लांब नाही जात मी.”

“आलोच!” हेन्रिक म्हणाला.

फ्रिस्क गेला. मॅट्सने लगेच दार लोटून घेतलं, फटीएवढा उजेड ठेवून.

लोविसाने हेन्रिकचे जोडे ओढून काढले आणि पाणी ओतायला मागच्या अंधारात गेली. जवळच कुठेतरी तोफ उडाली, आणि सगळ्या डब्यांची झाकणं थरथरली. ती परत आली तेव्हा तिची बाही कोपरापर्यंत ओली होती. आपल्या परकराची किनार फाडून तिने दोन फडकी केली आणि त्याच्या टाचेवर गुंडाळायला लागली.

“आई गं! झोंबतंय!”

“झोंबलं म्हणजे बरं होतंय. हलू नकोस. चुणी राहिली तर नवा फोड येईल.”

चुणी राहिली. तिने फडकं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पुन्हा चुणी. मी इतकी वर्षं शिपायाची बायको, मी डोळे मिटून ते बांधलं असतं. “द्या, मी बांधते,” म्हणून मी पुढे झाले तर तिने कोपराने मला ढकललं.

मी हेन्रिककडे बघत होते. माझ्या तोंडात एक शब्द होता: थांब. टाच सोललेली आहे, रशियन पळालेत, उरलेल्यांना हाकलायला फ्रिस्क पुरेसा आहे, थांब. पण लोण्यावर मॅट्स बसला होता, आणि मॅट्सला कान होते. शिपाई लढाईतून बायकोच्या तळघरात राहिला, हे त्याने पलटणीत सांगितलं की हेन्रिकच्या पाठीचं सालटं निघणार आणि खोपटं त्याच दिवशी जाणार. थांब म्हटलं तरी घर जाणार, जा म्हटलं आणि परत आला नाही तरी घर जाणार. मी बिअरच्या पिपाची तोटी पुसत बसले.

“झालं,” लोविसा म्हणाली.

“जोडे?” हेन्रिकने हात पुढे केला.

“तिथेच ठेवलेत. पाणी निथळायला.”

“कुठे तिथे?”

“तिथे रे. भिंतीशी.”

हेन्रिक अंधारात चाचपडायला लागला. मग मी. मग मॅट्ससुद्धा लोण्यावरून उतरला, कारण जोडे चार शेतांनी दिलेले, आणि त्यातलं एक शेत त्याचं. “मे महिन्यात घेतलेत ते! नवे कोरे!” करत तो गुडघ्यांवर रांगत होता. आम्ही ताकाची मडकी हलवली, घंगाळाच्या आत पाहिलं, गवताची रास विसकटली. माशांच्या पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड जसाच्या तसा होता.

“म्हातारे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” मॅट्स ओरडला.

“कसं असणार, मालक? तुमच्या वाफेत शिजलंय ते.”

“आठव नीट!”

“आठवतेय की. दार उघडा, उजेड येऊ द्या.”

मॅट्सने दार उघडलं. त्याच क्षणी चौकटीच्या दगडावर एक गोळी आपटून किंचाळत गेली. मॅट्सने दार लावलं आणि त्यानंतर उजेडाचा विषय कुणी काढला नाही.

“मी अनवाणी जातो,” हेन्रिक म्हणाला. “उन्हाळाभर अनवाणीच असतो की आपण.”

“जा बाबा,” लोविसा म्हणाली. “कॉर्पोरलने विचारलं जोडे कुठे, तर काय सांगशील? बायकोच्या तळघरात हरवले? तो म्हणेल, बिअरवर विकले. राजाचा माल विकणाऱ्याला काय करतात ते तुला ठाऊक आहे.”

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. छड्या घेतलेल्या माणसांच्या दोन रांगा, आणि मधून उघड्या पाठीने चालायचं. हेन्रिक गोळ्यांना भीत नसे. पण त्याने तसं चालताना एकाला पाहिलं होतं, आणि त्याला रात्री त्याची स्वप्नं पडत.

तो मॅट्सकडे वळला. “मालक, तुमचे बूट द्या.”

मॅट्सचे बूट गावात प्रसिद्ध होते. गुडघ्यापर्यंत, डांबर लावलेले, चर्चमध्ये आले की पाद्र्याच्या आधी त्यांचा आवाज यायचा. मॅट्सने पाय हळूच लोण्याच्या डब्यामागे घेतले.

“तुला घट्ट होतील,” तो म्हणाला.

“घालून बघतो.”

“चांगले नाहीत ते. आतून टोचतात.”

“मग तुम्ही का घालता?”

“मला सवय आहे.”

लोविसा पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. हा माणूस राजाला माझा नवरा द्यायला तयार होता, पण स्वतःचे बूट द्यायला नाही, आणि दोन्हींची किंमत त्याने किती पटकन ठरवली, तेच मी बघत राहिले.

शोध चालूच राहिला. हेन्रिक संतापून बोलत होता, मग रडवेला झाला. “फ्रिस्क म्हणेल मी घाबरलो. नाव मोडिग आणि बसलाय बायकोच्या पदराखाली.” मी म्हटलं, सापडतील. लोविसा म्हणाली, सापडतील. मॅट्स लोण्याखाली बघत होता.

नगारा थांबला ते प्रथम माझ्या लक्षात आलं.

मग नवा आवाज आला, समुद्र खवळल्यासारखा, आणि तो चुकीच्या बाजूने येत होता. आमचे ज्यांच्या मागे धावले होते, त्यांच्या पाठीशी ताजी फौज येऊन उभी राहिली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की छतावरून माणसं परत धावतायत, एकेक, ठेचकाळत, आणि आता कुणी शिव्यासुद्धा देत नव्हतं. कुणीतरी आईला हाक मारत होतं. हेन्रिक दाराकडे झेपावला. मी त्याच्या कोटाला धरलं, मॅट्सने त्याच्या पट्ट्याला धरलं. मॅट्सचं धरणं मला अजून आठवतं.

“आता नको,” मॅट्स म्हणाला. “आता बाहेर नुसते तेच आहेत.”

हेन्रिक भिंतीला टेकून खाली बसला. परकराच्या फडक्यांत बांधलेले पाय पुढे पसरून तो त्यांच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा दाराबाहेर कुणीतरी रशियन भाषेत खोकलं. खोकल्याला भाषा नसते म्हणतील, पण त्या दिवशी होती. लोविसाने घंगाळाकडे बोट दाखवलं. हेन्रिक बंदूक घेऊन मुटकुळं करून बसला, मी आणि मॅट्सने घंगाळ त्याच्यावर पालथं घातलं, आणि लोविसा वर जाऊन बसली, मांडीवर ओढणी पसरून, जशी काही चर्चमधल्या आपल्या जागेवर.

दार उघडलं. आत आलेला रशियन म्हातारा होता, दाढीत माती, आणि पायांना चिंध्या. त्याने बंदूक आमच्यावर रोखली, मग आमची तोंडं बघून खाली घेतली. मी बिअर दिली. तो सगळी प्यायला. लोण्याचं झाकण उघडून त्याने बोटांनी लोणी खाल्लं, खाता खाता डोळे मिटले. मॅट्सचेही डोळे मिटले, पण दुःखाने. मग रशियनने घंगाळाकडे पाहिलं. लोविसाने एक स्तोत्र गुणगुणायला घेतलं, बेसूर. त्याने मान हलवली आणि नजर खाली वळवली.

त्याला बूट दिसले.

त्याने बुटांकडे बोट केलं. मॅट्स हलला नाही. रशियनने बंदुकीच्या टोकाने बुटाला हळूच टोचलं.

मॅट्सने एकदा घंगाळाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण मी ते पाहिलं. एक बोट दाखवायचा अवकाश होता. जिवंत पकडलेला शिपाई एका बूटजोडीपेक्षा मोठा माल, हे रशियनलाही कळलं असतं. मॅट्स हिशोबात चुकणारा नव्हता. हेन्रिक गेला तर नवा माणूस द्यावा लागेल, याकोब जाईल, हे तो मनात मांडत असेल. किंवा तसं काहीच नसेल, आणि मीच अठरा वर्षं त्याला त्याच्याच मापाने मोजत आले असेन. तो लोण्यावर बसला, एक एक करून बूट ओढून काढले, आणि दोन्ही हातांनी रशियनसमोर धरले. त्याच्या जमेच्या बाजूला मी फार काही लिहीत नाही. हे लिहिते.

रशियनने बूट चढवले, चार पावलं चालून बघितली, काहीतरी आभाराचं बोलला आणि गेला.

“टोचतायत का त्याला, बघा तरी,” लोविसा घंगाळावरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फ्रिस्क ओढ्याच्या अलीकडे सापडला. लांब गेला नव्हता, म्हणाला होता तसंच. मी आणि त्याच्या बायकोने त्याला उचललं. त्याच्या पायांतही जोडे नव्हते. ते काढून न्यायला कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं.

आमची फौज उत्तरेला निघून गेली. मधल्या रस्त्यावर रशियन गाड्याच गाड्या, आणि हेन्रिक अनवाणी. त्याने कोट गवताखाली पुरला आणि याकोबबरोबर मॅट्सच्या शेतावर राबायला लागला. मॅट्सने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पळालेल्या शिपायाच्या जागी नवा द्यावा लागला असता. न सांगता फुकट गडी मिळत होता. पुढे राजाने आमचा मुलुखच सोडला, रशियाच्या सम्राटाने जुनी फौज मोडली, आणि शिपाई आहेत तिथेच राहू द्यावेत असा हुकूम आला. आमच्या खोपट्यात तिसरी मोडिगीण कधी आली नाही. पण त्या हिवाळ्यात हे आम्हाला कुठे माहीत होतं! त्या हिवाळ्यात दारावर थाप पडली की हेन्रिक मागच्या खिडकीतून तळघराकडे पळायचा आणि मी तोंडावर हसू आणायचे.

लोविसा दिवसा माझ्याकडे येऊन बसू लागली. कुणी बोलावलं नव्हतं. ती यायची, चुलीजवळ बसायची, लोकर कातायची, अंधार पडला की न्हाणीत जायची. मी जेवायला वाढायचे. राय धान्याची भाकरी घ्यायची, ताक घ्यायची. मासा नको म्हणायची.

“का हो, मावशी? या वेळचे मासे बरे मुरलेत. वेगळीच चव आहे.”

“असेल. दातांत अडकतात माझ्या.”

लोविसाच्या तोंडात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दात होते. हे मला खटकलं, पण म्हातारी माणसं खातात-पितात त्याचा जाब मी विचारत नाही.

फेब्रुवारीत पिंप तळाला गेलं. मी बाही वर करून आत हात घातला, शेवटचे मासे काढायला, आणि माझ्या हाताला नाडी लागली. ओढली तर त्यामागे जोडा आला. मग दुसरा. खाऱ्या पाण्याने काळे आणि ताठ झालेले, आत मासळीचे खवले.

मी ते घरात आणले आणि लोविसासमोर जमिनीवर ठेवले. ती कातत होती. तिने पाहिलं, चाती थांबवली नाही.

“हे काय आहे, मावशी?”

“जोडे.”

“आम्ही पाच महिने यातले मासे खाल्ले.”

“मी नाही खाल्ले.”

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “तुम्ही मुद्दाम केलंत.”

“मग काय चुकून? एवढा दगड चुकून उचलला जातो का?”

“का?”

“न्हाणीत बाक एकच आहे,” ती म्हणाली. “तुझा मेला असता तर याकोबला तू हो म्हणाली नसतीस; मी ओळखते तुला. मग मॅट्सने तुला माझ्याकडे आणून टाकलं असतं. तू तरुण, तुला बाक दिला असता, मला जमिनीवर. आणि तुझी कोपरं टोकदार आहेत.”

“एवढंच?”

“एवढं कमी आहे का? तू झोपून बघ जमिनीवर.”

मी उठले नाही. बाहेर हेन्रिक लाकडं फोडत होता, त्याचा आवाज येत होता. लोविसाच्या हातातला धागा तुटला. तिने तो जोडायला घेतला, आणि तिला ते जमेना. मागे चुणी पडत होती तेव्हा मला वाटलं होतं तिची बोटं थकलीत. त्या दिवशी ती थकलेली नव्हती. आज होती.

“माझ्या माणसाचे,” ती धाग्याकडे बघत म्हणाली, “मी वेळेवर दिले होते.”

मी तिच्या हातातून चाती घेतली, धागा जोडला आणि परत दिली. मग दार उघडून हेन्रिकला हाक मारली.

“निगॉर्डच्या न्हाणीत जा आणि मावशीचं अंथरूण घेऊन ये. मडकं असेल निखाऱ्यांचं, तेही आण.”

“आत्ता?” तो म्हणाला. त्याच्या पायांत बर्च झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला होत्या, हिवाळाभर त्याच. “गुडघाभर बर्फ आहे, कायसा. या चपलांनी कसा जाऊ?”

मी जोडे उचलले, त्यातले खवले झटकले, आणि त्याच्यापुढे उंबऱ्यावर ठेवले.

“हे घाल,” मी म्हटलं. “सापडले.”